वाढवलेली खोली कुणाची?

(पोहरादेवी येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अपंग बाईच्या घराचा विषय निघाला की चर्चा लगेच रॅम्पवर येते. रॅम्पबद्दल मी बोलणारच आहे. पण आधी एक प्रश्न: भिंत फोडायची की नाही, हे घरात कोण ठरवतं?

आपल्या तांड्यांवरची जुनी घरं तुमच्या ओळखीची आहेत. मातीच्या भिंती, वर कवेलू नाहीतर टिन, पुढे ओसरी, संडास असलाच तर अंगणाच्या टोकाला. पाणी शिरू नये म्हणून जोतं उंच. अशाच एका घरात पाठीच्या कण्याला मार बसलेली सून आहे. नवरा कामाला पुण्याला. सासू आणि जाऊ तिला उचलून नेतात. रात्री कुणाला उठवायला नको म्हणून ती दिवस मावळल्यावर पाणीच पीत नसे. त्यापायी लघवीचा त्रास, ताप. दवाखान्यात गोळ्या मिळाल्या. पाणी का पीत नाहीस, हे कुणी विचारलं नाही.

उपाय अवघड नव्हता. मागच्या बाजूला विटांची एक खोली, तिलाच जोडून संडास-न्हाणी. जमीन जुन्या घराच्या पातळीला, मध्ये उंबरठा नाही. दार 90 सेंटिमीटर मोकळं, खुर्ची वळवायला आत दीड मीटर जागा. संडासाचं दार बाहेर उघडणारं, कारण बाई आत पडली तर आतलं दार तिच्याच अंगाने अडतं. आधाराचा दांडा विटांच्या भिंतीतच हवा. मातीची भिंत तो पेलत नाही. जुन्या भिंतीत दार रुंद करायचं तर आधी वर तुळई. रॅम्पचं गणित गवंड्याला मीच सांगितलं: एक फूट चढायला बारा फूट लांबी. जोतं दोन फूट, म्हणजे चोवीस फूट. अंगणात तेवढी सरळ जागा नव्हती, म्हणून मध्ये सपाट ओटा देऊन तो भिंतीलगत वळवला. गवंडी आधी हसला, मग स्वतःच खुर्चीत बसून पाहिलं!

अडलं ते दुसरीकडेच. घर सासऱ्याच्या नावावर. दीर म्हणाला, ही खोली उद्या वाटणीत कुणाची? त्याला मी खलनायक म्हणणार नाही. त्याच्याकडेही दुसरं काही नाही. पण तिच्या रात्रीच्या पाण्याचा निर्णय वाटणीच्या हिशोबात अडकला, हे खरं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात घरकुलांत 5 टक्के आरक्षण आहे, त्यात अपंग स्त्रियांना प्राधान्य आहे. प्रधानमंत्री आवास योजनेतलं घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर करण्याचा नियम आहे. हे सगळं नव्या घराचं. जुन्या घराला खोली जोडणाऱ्या बाईच्या हाती यातलं काही लागत नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के अपंगांसाठी खर्चायचे असतात. ते कुठे गेले, हे ग्रामसभेत आपणच विचारायचं, आणि खोलीला मदत मागताना नमुना 8 वर तिचं नाव लावण्याचीही मागणी त्याच अर्जात लिहायची.

शेवटी सासूनेच दिराला ऐकवलं, "उचलून माझी कंबर गेली, तू उचल आठ दिवस." खोली उभी राहिली. ती आता रात्री पाणी पिते. नोंदीचा अर्ज मात्र पंचायतीत पडून आहे; येत्या ग्रामसभेला आम्ही चौघीजणी जाणार आहोत. तुमच्यापैकी कोण येतंय?