ठरलेली कुस्ती आणि तिचा व्यापार

गामा आणि झिबिस्को हीं नांवें जुन्या तालमींच्या गप्पांत हटकून निघतात. १९१० सालीं लंडन येथें पोलंडचा हा बलाढ्य मल्ल गामापुढें अडीच तासांहून अधिक वेळ गादीला चिकटून राहिला; कुस्ती निकाली झाली नाहीं, आणि पुन्हां लढण्याच्या दिवशीं तो आलाच नाहीं. १९२८ सालीं पतियाळा येथें गांठ पडली तेव्हां गामानें त्याला मिनिटाच्या आंत अस्मान दाखविलें. इकडे झिबिस्को आठवतो तो एवढाच. परंतु या दोन कुस्त्यांच्या मधल्या काळांत त्यानें अमेरिकेंत जें एक कृत्य केलें, त्यांत तिकडील धंदेवाईक कुस्तीचें सारें मर्म सांठवलेलें आहे.

१८६५ सालीं अमेरिकेंतील यादवी युद्ध संपलें. त्यानंतरच्या काळांत गांवोगांव फिरणाऱ्या जत्रांबरोबर मल्लही हिंडूं लागले. कनातीबाहेर मालक आव्हान देई, कीं जो कोणी आमच्या पैलवानापुढें अमुक मिनिटें टिकेल त्यास इनाम मिळेल. गर्दींतून एखादा शेतकरी पुढें येई. पुष्कळदां तो मालकाचाच माणूस असे, आणि पैजा लावणारे बिचारे नागवले जात. मात्र या मल्लांची विद्या खोटी नव्हती. खरोखरीचा दांडगट समोर उभा राहिला तर त्याचा सांधा निखळविणारे डाव त्यांना येत असत. खरें कसब आणि खोटी झुंज यांचा संसार असा पहिल्यापासून एकाच कनातींत चालला होता.

खऱ्या कुस्तीची एक अडचण आहे. दोघे तुल्यबळ असले म्हणजे ती पाहणाऱ्याचा अंत पाहते. १९१६ च्या जुलैंत ओमाहा शहरीं एड लुईस व जो स्टेचर सुमारें पांच तास झटले, आणि कुस्ती बरोबरींत सुटली. पदरचे पैसे मोडून आलेल्या प्रेक्षकानें पुन्हां कशाला यावें? याचें उत्तर १९२० नंतर खुद्द लुईस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट या त्रिकुटानें शोधून काढलें. त्यांनीं वेळेची मर्यादा घातली, उड्या व झटापटी वाढविल्या, नाटकमंडळीप्रमाणें मल्ल कराराने बांधून घेतले. आणि कोणीं केव्हां हरावें हें ते स्वतः ठरवूं लागले.

१९२५ च्या आरंभीं त्यांनीं वेन मन नांवाच्या धिप्पाड फुटबॉलपटूस अजिंक्यपद दिलें. लुईस त्याच्यापुढें ठरल्याप्रमाणें हरला. मनला कुस्ती फारशी येत नव्हती; पण तो दिसावयास भव्य होता आणि तिकिटें खपत होतीं. त्याच्या कीर्तींत भर पडावी म्हणून १५ एप्रिल रोजीं फिलाडेल्फिया येथें पंचेचाळिशीच्या घरांतल्या झिबिस्कोनें त्याच्यापुढें पडावयाचें ठरलें होतें. पण प्रतिस्पर्धी स्टेचरच्या पक्षानें त्याला आधींच फितविलें होतें. कुस्ती लागली आणि झिबिस्को खराच लढूं लागला! मन पुनःपुन्हां खालीं जाऊं लागला. सर्वांच्या देखत पद गेलें. आणि तें ठरलेलें नव्हतें, अशी तक्रार तरी कोणापाशीं करावयाची? पुढच्याच महिन्यांत झिबिस्कोनें तें पद स्टेचरच्या स्वाधीन केलें.

या धंद्यांत भांडवल म्हणजे निकालावरची सत्ता, आणि ती केवळ मल्लाच्या शब्दावर टांगलेली, हें चालकांस त्या दिवशीं उमगलें असावें. १९४८ सालीं वॉटर्लू गांवीं कांहीं चालकांनीं नॅशनल रेसलिंग अलायन्स हा संघ स्थापिला, मुलूख आपसांत वांटून घेतले व एकच विजेता मानावयाचें ठरविलें. एका ठिकाणीं अवज्ञा करणाऱ्यास दुसरीकडेही काम मिळणें कठीण झालें. १९५६ सालीं सरकारनें या मक्तेदारीला कायद्याचा चाप लावला.

मुलुखांच्या सीमा खऱ्या अर्थानें पुसल्या त्या व्हिन्सेंट मॅकमॅहन या न्यूयॉर्ककडील चालकानें. १९८२ सालीं त्यानें वडिलांची कंपनी विकत घेतली, दूरचित्रवाणीवरून ती देशभर नेली, आणि १९८५ सालीं रेसलमेनिया भरविला. १९८९ सालीं न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढें कंपनीनेंच कबूल केलें, कीं हा खेळ नसून करमणूक आहे. कारण तसें ठरल्यास क्रीडा-मंडळाची देखरेख व कर टळत होते. पिढ्यान्‌पिढ्या जपलेलें गुपित अखेर कर वांचविण्यासाठीं फुटलें!

२००१ सालीं तिनें मुख्य प्रतिस्पर्धी कंपनी गिळली. २०१९ पासून एईडब्ल्यू ही नवी कंपनी स्पर्धेस उभी आहे. २०२३ सालीं मॅकमॅहनची डब्ल्यूडब्ल्यूई आणि खऱ्या झुंजी लावणारी यूएफसी या टीकेओ नांवाच्या एकाच छत्राखालीं आल्या. जानेवारी २०२५ पासून तिचा साप्ताहिक कार्यक्रम नेटफ्लिक्सवर दिसूं लागला. दहा वर्षांचा हा करार पांच अब्ज डॉलरांहून अधिक रकमेचा आहे. निकाल ठरलेला असला तरी पाठ आदळते ती खरीच. पण ती आदळून घेणारा मल्ल कंपनीच्या कागदोपत्रीं नोकर नाहीं, स्वतंत्र कंत्राटदार आहे. आणि तेथील मल्लांची कामगार-संघटना अद्याप उभी राहिलेली नाहीं.