कार्डावरचा एक शब्द

या अधिवेशनात जिल्ह्याजिल्ह्यांतून आणि गोव्याहून आलेले आहारतज्ज्ञ, परिचारिका, वाचाउपचारतज्ज्ञ यांच्यासोबत या वर्षी प्रथमच रुग्णालयांच्या स्वयंपाकघरांतले आचारी आणि मावश्या प्रतिनिधी म्हणून बसल्या आहेत.

अध्यक्षांनी गेल्या काही वर्षांचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे, आणि घेण्यासारखं बरंच घडलंही आहे. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि ज्वारी-नाचणीला शहरांत पुन्हा मान मिळाला. मे २०२४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी सतरा आहारसूत्रं प्रसिद्ध केली. मधुमेह, रक्तक्षय, मुलांचा लठ्ठपणा या विषयांवर पुढचे दोन दिवस जाणकार बोलणारच आहेत. अध्यक्षांच्या वाट्याचा वेळ मात्र एका शब्दासाठी राखून ठेवला आहे. रुग्ण घरी निघताना हातात जे कार्ड मिळतं, त्यातल्या आहाराच्या रकान्यात तो वर्षानुवर्षं लिहिला गेला. शब्द आहे ‘पातळ’.

‘पातळ आहार द्यावा.’ बस्स, एवढंच.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका रुग्णालयात प्रस्तुत अध्यक्षांनी चौतीस वर्षं काढली. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी पक्षाघाताचा एक रुग्ण घरी चालला होता. साठी उलटलेला शेतकरी, उजवी बाजू गेलेली, ओठाचा कोपरा ओघळलेला. त्याच्या कार्डावर ‘पातळ आहार’ लिहून खाली सही झाली. ती सही प्रस्तुत अध्यक्षांची होती. नवव्या दिवशी तो तापाने फणफणलेला, छातीत घरघर घेऊन परत आला. न्यूमोनिया झाला होता. सोबतच्या सुनेला काही विचारण्याआधीच ती सांगू लागली, “कागदावर ल्हिलंय तसंच केलं बाई. मामांना पेज दोनदा गाळून दिली, शीत म्हणून राहू दिलं नाही. मोसंबीचा रस दिला. घोट घोट पाणी दिलं.”

तिने जितक्या मायेने पेज गाळली, तितकी ती पेज धोक्याची होत गेली. रुग्ण वाचला नाही. सुनेचं काही चुकलं नव्हतं. चूक त्या रकान्यात होती, आणि ती आज या सभागृहात बोलून दाखवायला तीन दशकांहून अधिक काळ गेला.

पातळ पदार्थ का घात करतो, हे सभागृहातल्या बहुतेकांनी अभ्यासलेलं आहे; पण आचारी आणि मावश्यांसाठी ते पुन्हा सांगायला हवं. घसा हा चौक आहे. तिथून एक वाट फुफ्फुसांकडे जाते, दुसरी अन्ननलिकेकडे. गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासाच्या वाटेवर झाकण कलतं, स्वरतंतू मिटतात आणि घास मागच्या वाटेने खाली उतरतो. तिसाहून अधिक स्नायू हे काम सेकंदभरात उरकतात. पक्षाघात, पार्किन्सन्स, घशावरची शस्त्रक्रिया किंवा नुसतं वाढतं वय यांमुळे ही हालचाल मंदावते. दाट घास सावकाश सरकतो, झाकण कलायला सवड देतो. पाणी थांबत नाही. झाकण कलायच्या आत ते उघड्या वाटेने खाली गेलेलं असतं. वर आणखी फसवणूक अशी, की कित्येक रुग्णांना ठसकाही लागत नाही. घरचे निर्धास्त राहतात आणि फुफ्फुसात थेंब थेंब साचत जातं.

मग ‘पातळ’ हा शब्द कार्डावर आला कुठून? तो पोटाच्या आजारातून आला. ताप, जुलाब, शस्त्रक्रियेनंतरचं मंदावलेलं पोट यांसाठी पातळापासून दाटाकडे जाण्याची रीत फार जुनी आहे. आयुर्वेदातला संसर्जन क्रम पेया, विलेपी असाच चढत जातो. घरोघरच्या आज्याही आधी पेज, मग मऊ भात, मग पोळी अशाच चालल्या. पचनासाठी ती रीत योग्यच आहे. घशाचं गणित मात्र बहुधा उलटं असतं. तिथे मऊ, ओला, एकसंध घास सोपा आणि पाणी अवघड. २००७ साली पुढे आलेली, ‘गस’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाणारी गिळण्याची चाचणी म्हणूनच आधी दाटसर पदार्थाचा चमचा देते आणि तो नीट गिळला तरच पाण्याकडे वळते. आजार घशाचा आणि उपाय पोटाचा, अशी गल्लत वर्षानुवर्षं चालू राहिली, कारण रकान्यात एकच शब्द लिहिण्याची सवय होती.

यावर जगाने एक मोजपट्टी तयार केली आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘आयडीडीएसआय’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने ० ते ७ अशा आठ पायऱ्या ठरवल्या. शून्यावर पाणी, चारवर अजिबात न चावता गिळता येईल असा दाट, गुळगुळीत लगदा, सातवर रोजचं जेवण. पाचव्या पायरीवर बारीक आणि ओलं अन्न येतं. मोठ्या माणसासाठी त्यातला कण चार मिलिमीटरपेक्षा रुंद नको, म्हणजे काट्याच्या दोन दात्यांमधल्या फटीएवढा. सहाव्या पायरीवर दीड सेंटिमीटरचे मऊ तुकडे. द्रव मोजायला यंत्र लागत नाही. दहा मिलीची सिरिंज घ्यायची, दट्ट्या काढायचा, खालचं तोंड बोटाने बंद करून दहाच्या खुणेपर्यंत द्रव भरायचा, बोट काढून दहा सेकंद वाहू द्यायचा. एक मिलीहून कमी उरला तर पायरी शून्य, एक ते चार उरला तर पहिली, चार ते आठ दुसरी, आठच्या वर तिसरी. थेंबही गळला नाही तर चमच्याची परीक्षा: चमचा तिरका केल्यावर गोळा एकत्र खाली पडावा, चमच्याला चिकटून बसू नये.

या पायऱ्या प्रस्तुत अध्यक्ष रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात शिकवायला गेल्या, तेव्हा सर्वांत अनुभवी मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे बाई, पळीवाढं म्हणायचं का त्याला?” सिरिंज आणून त्यांच्या पळीवाढ्या वरणाची परीक्षा झाली. आठाच्या वर उरलं. तिसरी पायरी.

त्या दुपारपासून एक गोष्ट मनात पक्की झाली. जे आकडे परिषदांमध्ये पाठ करावे लागतात, त्यांची मराठी नावं चुलीपाशी आधीपासून नांदत आहेत. सरसरीत, पळीवाढं, दाटसर, आसट, गुरगुट्या. ‘आसट’ म्हणजे मोकळा नसलेला, ओलसर शिजलेला भात. ‘गुरगुट्या’ त्याहून मऊ, घोटलेला. इतके बारीक भेद ज्या भाषेत आहेत, त्या भाषेतल्या कार्डावर मात्र एकटा ‘पातळ’ उरला आहे.

कार्डावर पदार्थांची अशी नावं लिहावीत म्हटलं की शंका घेतली जाते, की कढी घरोघरी वेगळी असते. रास्त आहे. म्हणूनच नावासोबत सिरिंज हवी. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याचं माप दिलं आणि नव्याने संसार मांडणाऱ्या कितीजणींची अडचण दूर झाली. गिळण्याच्या आजारात तेच काम सिरिंज करते, आणि ती गावातल्या औषधाच्या दुकानात मिळते.

आता सहकाऱ्यांमधल्या दोन वादांबद्दल.

पहिला वाद पाणी घट्ट करण्याचा. काहींना प्रत्येक रुग्णाचं पाणी घट्ट करायचं असतं, काहींना कुणाचंच नाही. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पार्किन्सन्स किंवा स्मृतिभ्रंश असलेले ५१५ रुग्ण होते. हनुवटी खाली घेऊन साधं द्रव पिणारे आणि घट्ट केलेलं द्रव पिणारे यांच्यात तीन महिन्यांत न्यूमोनियाचा लक्षणीय फरक दिसला नाही. शरीरातलं पाणी कमी होण्याचं प्रमाण मात्र साधं पिणाऱ्यांत २ टक्के आणि घट्ट पिणाऱ्यांत ६ टक्के निघालं. याचा अर्थ काय, ते एका निवृत्त शिक्षकाने शिकवलं. पार्किन्सन्सच्या या रुग्णाला घट्ट पाणी लिहून दिलं होतं. त्याला त्याची किळस आली आणि त्याने पिणंच सोडलं. जीभ कोरडी, बोलणं असंबद्ध, अशा अवस्थेत तो आला. वाचाउपचारतज्ज्ञांनी तपासून त्याला ताठ बसवलं, हनुवटी खाली घेऊन लहान घोट घ्यायला शिकवलं; प्रत्येक वेळी आधी दात आणि जीभ स्वच्छ करायची असं ठरलं. उरलेला ओलावा दाट कढीतून, दह्यातून, नाचणीच्या सत्त्वातून जाऊ लागला. त्याची बायको रोज किती वाट्या पोटात गेल्या ते वहीत लिहून ठेवी. रुग्णाला न तपासता लिहिलेला ‘घट्ट’ हा ‘पातळ’चाच सख्खा भाऊ आहे, हे त्या वहीने दाखवलं. तपासायचं आधी, लिहायचं मग. इथे हा वाद प्रस्तुत अध्यक्षांपुरता संपला.

दुसरा वाद मिक्सरचा. वरण, भात, पालक, दही सगळं एका भांड्यात फिरवून दिलं तरी उष्मांक तेवढेच, प्रथिनं तेवढीच, शिवाय वेळ वाचतो, असं म्हणणारे सहकारी कमी नाहीत. त्यांच्यासाठी एका बाईची हकीकत. वर्षानुवर्षं मिश्री लावलेली, गालाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि किरणोपचार झालेले, तोंड जेमतेम दोन बोटं उघडणारं. दोन महिने तिला खाकी रंगाचा तो काला मिळत होता आणि वजन उतरत होतं. बोलणं कळत नसे, म्हणून उशाशी पाटी-पेन्सिल ठेवलेली. एकदा तिने पाटीवर लिहिलं, ‘आज काय हुतं?’ लेकीला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराने तीन वाट्या पाठवल्या. गुरगुट्या भात तुपात घोटलेला, पिठलं, आणि वांग्याचं भरीत: मिरची नाही, कांदा नाही, घट्ट दह्यात कालवून गाळणीतून काढलेलं. तिने भरिताची वाटी आधी नाकाशी धरली. मग पाटी ओढून एकच शब्द लिहिला, ‘वांगं’. त्या दिवशी तिन्ही वाट्या रिकाम्या आल्या. उष्मांकांचा हिशेब मांडणाऱ्यांनी रिकाम्या वाटीचाही हिशेब मांडावा. जे पोटात जात नाही, त्याचे उष्मांक कागदावरच राहतात.

मऊ अन्न शिजवणं हे कौशल्याचं काम आहे. त्यातल्या चार गोष्टी चुलीपाशी उभ्या राहणाऱ्यांनी लक्षात ठेवाव्यात. फोडणी कढल्यात वेगळी करावी आणि तेल गाळून घालावं. हिंग-जिऱ्याचा वास उतरतो, मोहरी आणि कढीपत्ता गाळणीत राहतो. मेतकूट वरून भुरभुरू नये, कोरडी पूड घशाला चिकटते. ते तूप-भातात पूर्ण कालवावं. शेंगदाण्याचा कूट तोंडात विखुरतो, त्याचा घास जमत नाही. साबुदाण्याची खिचडी मऊ दिसली तरी चिकट असते. जपानमध्ये नववर्षाला भाताचा चिकट मोची खाताना वृद्ध गुदमरतात, म्हणून टोकियोचं अग्निशमन दल दरवर्षी इशारा देतं. उपासाच्या दिवशी इथल्या घरांतही तेवढीच सावधगिरी हवी. आणि सगळ्यांत मोठा धोका सर्वांच्या लाडक्या चहा-बिस्किटात आहे. बिस्किटाचा लगदा तोंडात रेंगाळतो आणि चहा पुढे पळतो. एकाच घोटात दाट आणि पातळ एकत्र आलं की दुबळा घसा गोंधळतो. दुधातल्या शेवया आणि पाणीदार वरणातला मोकळा भात यांचंही तेच.

घरी दाटपणा आणण्यासाठी तांदळाची पिठी, कॉर्नफ्लॉर किंवा सत्त्व वापरलं जातं. ते स्वस्त आहे, ओळखीचं आहे, पण लाळेतला अमायलेज पिष्टाचे तुकडे करतो. उष्टा चमचा पुन्हा वाटीत गेला की थोड्या वेळात सगळी वाटी सैल होते, आणि देणाऱ्याला वाटतं, आपण तर दाट केलं होतं. म्हणून एका वेळी लहान वाटीत थोडंच काढावं, मोठ्या भांड्याला उष्टा चमचा लावू नये. झँथन गमची पूड लाळेला दाद देत नाही. परवडत असेल तिथे ती वापरावी.

तोंडाच्या स्वच्छतेला आहारतज्ज्ञ आपलं काम मानत नाहीत, हे खेदाने नोंदवावं लागतं. जपानमधल्या अकरा नर्सिंग होममधल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या अभ्यासात, प्रत्येक जेवणानंतर दात-तोंड स्वच्छ केलेल्या वृद्धांत न्यूमोनिया ११ टक्क्यांना झाला, बाकीच्यांत १९ टक्क्यांना. कार्डावर त्यासाठी एक ओळ हवीच.

पुढच्या कामांविषयी थोडक्यात. मराठी नावांचा आणि आठ पायऱ्यांचा एकत्र तक्ता व्हावा. कोकणी, अहिराणी, वऱ्हाडी शब्द त्यात यावेत. आहाराच्या रकान्यात पायरी, ओळखीच्या पदार्थाचं नाव, बसण्याची पद्धत आणि तोंडाची स्वच्छता अशा चार ओळींची जागा असावी. समिती कोणी नेमायची, खर्च कुठून करायचा, हे कार्यकारिणीने ठरवावं. तोवर सभागृहातल्या प्रत्येकाने उद्यापासून स्वतःच्या हाताने तो एक शब्द लिहिणं थांबवावं. त्याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

भोजनमंडपात शिरताना उजव्या हाताला एक टेबल मांडलं आहे. तिथे ताक, कढी, पळीवाढं वरण, नाचणीचं सत्त्व आणि श्रीखंड अशा पाच वाट्या, सिरिंजांचा खोका आणि सेकंदकाट्याचं घड्याळ ठेवलं आहे. स्वयंपाकघरातल्या मावश्या तिथे उभ्या राहून दाखवणार आहेत. पंगत बसायला अजून वीस मिनिटं आहेत.