उडता कॅमेरा आणि गावाचा संशय



कामगारांच्या फाटकावर बोलणाऱ्या माणसाने ड्रोनवर व्याख्यान द्यावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. यंत्राविषयी मला जे ठाऊक आहे ते वाचून आणि पोरांना विचून-विचारून मिळवलेले आहे. परंतु जमाव ही गोष्ट मी तीस वर्षे जवळून पाहत आलो आहे. आपल्या बोदवडातली काही मुले हौसेने हे उडते कॅमेरे घेऊन मळ्यात, टेकडीवर जातात, आणि पाच मिनिटांत त्यांच्याभोवती माणसे जमतात. कोण रे तू? कोणाचा? काय उडवून राह्यला भो? तिथून पुढे काय घडेल हे यंत्रावर अवलंबून नसते. म्हणून हा विषय मी घेतला.

आकाशातून काही आले की माणूस बिथरतो, ही आपल्याच खेड्यांची गोष्ट आहे असे कोणी समजू नये. 1783 सालच्या ऑगस्ट महिन्याच्या 27 तारखेस पॅरिसमध्ये जाक शार्ल नावाच्या शास्त्रज्ञाने हायड्रोजन भरलेला फुगा आकाशात सोडला. शहरात लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोच फुगा काही कोसांवर गोनेस नावाच्या खेड्यात उतरला, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी दाताळी-कोयते घेऊन त्याच्या चिंध्या केल्या. शेवटी सरकारला जाहीरनामा काढून सांगावे लागले की बाबांनो, हे भूत नव्हे, घाबरू नका. टाळ्या वाजवणारे शहाणे आणि कोयता चालवणारे अडाणी, असा याचा अर्थ मी लावत नाही. पॅरिसच्या लोकांना काय उडणार ते आधी ठाऊक होते. गोनेसच्या लोकांना कोणी सांगितलेच नव्हते.

आता आपल्या खानदेशाकडे या. 1852 साली इंग्रज सरकारने इकडे जमिनीची नवी मोजणी सुरू केली, तेव्हा यावल, सावदा, फैजपूर, एरंडोल या भागातली रयत उठली. मोजणीच्या अधिकाऱ्यांचे तंबू लोकांनी वेढले आणि मोजणी बंद करा म्हणून हट्ट धरला. पुढे फौज आणून ते मोडून काढण्यात आले. त्या लोकांना साखळीची भीती वाटत होती काय? मुळीच नाही. साखळीमागून सारा येतो, हे ते ओळखून होते. परका माणूस आपले शेत मोजतो, कागदावर काही लिहितो आणि ते आपल्याला वाचता येत नाही, तेव्हा संशय घेणे हा रयतेचा एकमेव पहारा असतो.

ड्रोनचेही तसेच आहे. जे तरुण लोकांच्या संशयाला हसतात, त्यांना मी 2024 सालच्या फेब्रुवारीतली शंभू सीमेची हकीकत सांगतो. पंजाबचे शेतकरी दिल्लीला निघाले असता हरियाणाच्या पोलिसांनी ड्रोनमधून त्यांच्यावर अश्रुधुराची नळकांडी टाकली, आणि शेतकऱ्यांनी पतंग उडवून त्या ड्रोनांना मांज्यात गुंतवण्याची खटपट केली. त्याच वर्षी जून-जुलैत बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत रात्री आकाशात दिवे फिरतात म्हणून गावेच्या गावे जागली. चोर टेहळणी करतात अशी बोलवा उठली. आंतरवाली सराटीत मराठा आंदोलनाच्या नेत्याच्या मुक्कामावर ड्रोन फिरल्याची तक्रार तर विधिमंडळात गेली. त्यातले खरे किती आणि विमानांचे दिवे किती, हा निराळा प्रश्न. संपावर बसलेल्या माणसाच्या डोक्यावर कॅमेरा घिरट्या घालू लागला, तर त्याने 'हे हौशी पोरगे असेल' असे समजून स्वस्थ बसावे, असा उपदेश मी तरी करणार नाही. विचारण्याचा त्याला हक्क आहे.

परंतु विचारणे आणि मारणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर किती थोड्या वेळात नाहीसे होते हे आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्याने पाहिले आहे. 1 जुलै 2018. साक्री तालुक्यातील राईनपाडा. आठवड्याच्या बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे आले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप काही दिवस मोबाइलवर फिरतच होते. कोणी म्हणाले, यांतला एक जण एका मुलीशी बोलला. एवढ्यावर त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारण्यात आले. त्यांच्याजवळ झोळी होती, ड्रोन नव्हता. आणि 2025 च्या पावसाळ्यात उत्तर प्रदेशात ड्रोनवाले चोर आल्याची अफवा गावोगाव पसरली. ऑक्टोबरच्या आरंभी रायबरेली जिल्ह्यात एका दलित माणसाला तसलाच चोर ठरवून जमावाने मारून टाकले. त्याच्याही हातात यंत्र नव्हते. यंत्र आकाशात असते, किंवा नसतेच. मार जमिनीवरच्या माणसाला बसतो. तो माणूस बहुधा गरीब, परगावचा, ज्याची ओळख पटवून द्यायला कोणी नाही असा असतो. हौसेने ड्रोन उडवणारा मुलगा दोन थपडा खाऊन सुटेल. त्याच्या मागे उठलेली आवई मात्र पुढच्या गावात एखाद्या फेरीवाल्याच्या जिवावर बेतेल. ही जोखीम उडवणाराने आपल्या डोक्यावर घेतली पाहिजे.

मग त्याने करावे काय?

पहिली गोष्ट उडवण्याच्या आधीची. आपल्या सरकारने गावठाणांच्या मोजणीसाठी ड्रोन वापरले. पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी त्याचा पहिला प्रयोग झाला आणि 24 एप्रिल 2020 रोजी केंद्राने 'स्वामित्व' नावाने ती योजना देशभर जाहीर केली. त्यात आधी ग्रामसभा घेतात आणि प्रत्येकाच्या हद्दीवर चुन्याची पांढरी रेघ मारतात, मग यंत्र उडते. 1852 ची मोजणी आणि ही मोजणी यांतला फरक मला त्या चुन्याच्या रेघेत दिसतो. आपली रेघ आपल्यासमोर ओढली गेली की डोक्यावरच्या यंत्राचा धाक कमी होतो. हौशी माणसाने ग्रामसभा बोलवावी असे मी म्हणत नाही. पण पोलीस पाटलाला सांगावे. ज्याच्या बांधावर उभे राहायचे त्याला विचारावे. जवळ चार बायका निंदणी करीत असतील तर आधी त्यांच्याकडे जाऊन, मावशी, आत्या म्हणून, काय उडवणार आणि किती वेळ, ते सांगावे. संध्याकाळपर्यंत ती बातमी त्या स्वतःच साऱ्या गावाला देतील, आणि सरकारी दवंडीपेक्षा नीट देतील.

दुसरी गोष्ट, एकट्याने जाऊ नये. लहान यंत्राची बॅटरी वीस ते तीस मिनिटे चालते. उडवणाराची नजर वर असते, आणि नेमके तेव्हाच कोणी खांद्यावर हात ठेवून विचारतो. सोबत एक बोलका सोबती असावा. त्याचे काम एवढेच, की येणाऱ्याला चार पावले अलीकडे गाठून रामराम घालणे. आणि यंत्र हवेत असताना वाद तर मुळीच घालू नये. 'काका, दोन मिनिटे द्या, खाली उतरवतो आणि दाखवतो,' असे म्हणून मोकळ्या जागी उतरवावे. माणसे अंगावर धावून येत असतील तर त्यांच्या डोक्यांवरून ते आणू नये. त्याची पाती बोटे कापतात. उंच नेऊन बाजूच्या रिकाम्या शेतात उतरवावे.

उतरल्यावर पहिले काम पडदा दाखवण्याचे. निम्मा संशय तिथेच विरतो. शंभर मीटरवरून साध्या कॅमेऱ्यात माणूस मुंगीएवढा दिसतो. चेहरा ओळखू येत नाही. दूरचे जवळ आणणारी महाग यंत्रे असतात, ती निराळी, आणि असेल तर तसे सांगावे. लपवले की संपले. म्हाताऱ्याला त्याचे स्वतःचे शेत वरून दाखवा. विहीर कुठे, बांध कुठे हे तोच तुम्हांला सांगू लागेल. फाटकावर मी हेच पाहिले आहे, की चिडलेल्या माणसाला त्याच्या माहितीचे काही विचारले म्हणजे त्याचा आवाज खाली येतो. जमावात जो सर्वांत मोठ्याने ओरडतो त्याच्याशी बोलण्यात वेळ घालवू नये. मागे उभ्या असलेल्या, इतर ज्याच्याकडे वळून पाहतात त्या वडीलधाऱ्याला हात जोडावेत.

कायद्याचा कागद खिशात असावा, पण तो पहिल्या वाक्यात काढू नये. 25 ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनी अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या यंत्राला चालक परवाना लागत नाही असे ठरवले, हौसेसाठी दोन किलोपर्यंतही सूट दिली, आणि हिरव्या विभागात 400 फुटांची मर्यादा घातली. हे सारे खरे. परंतु घोळक्यात उभे राहून 'मला कायद्याने परवानगी आहे' म्हणणारा माणूस साहेबासारखा दिसतो, आणि साहेबावर लोकांचा राग जुना असतो. नियम पोलीस आले म्हणजे त्यांना दाखवावेत. आपल्या भागात आणखी एक भान हवे. शेजारी वरणगावला आणि भुसावळला दारूगोळ्याचे व शस्त्रांचे कारखाने आहेत, जळगावला विमानतळ आहे. त्या बाजूला जाण्याआधी सरकारी नकाशात मनाईचे पट्टे पाहिलेच पाहिजेत. तिथला पहारेकरी संशय घेतो तो नोकरी म्हणून, आणि त्याच्यापुढे गोड बोलणे चालत नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही गोड बोलण्याने झाकली जाणार नाही. नदीचा घाट, गच्चीवर वाळत घातलेले कपडे, परसातली न्हाणी यांवरून यंत्र नेणे. बाईचे खाजगीपण कॅमेऱ्याने टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या 77 व्या कलमाने गुन्हा आहे. असे करणाऱ्याला गावाने अडवले, तर ते योग्यच केले असे मी म्हणेन. लग्नाच्या वरातीत ड्रोन फिरवणाऱ्या व्यावसायिकांनीही हे ऐकावे. वरात रस्त्यावर असते, आजूबाजूच्या घरांतल्या लेकीबाळींना तुम्ही आमंत्रण दिलेले नसते.

आता दोन शब्द बघ्यांसाठी, कारण या सभेत उडवणारे चारदोन आणि बघे आपण सारे आहोत. गोफणीने ड्रोन पाडण्यात मर्दुमकी वाटते. पण वरून पडलेले किलोभर वजन कोणाच्या टाळक्यात जाईल याचा नेम नसतो, आणि फुटलेली लिथियमची बॅटरी कडबा पेटवू शकते. यंत्र दिसले तर उडवणारा शोधा. तो बहुधा नजरेच्या टप्प्यातच असतो. नाव विचारा, पडदा पाहा. पटले नाही तर 112 ला फोन लावा आणि पोलीस येईपर्यंत त्याला सावलीत बसवा, पाणी द्या. मोबाइलवर 'आपल्या शिवारात ड्रोनवाले आले' असे लिहिण्याआधी त्या माणसाचे नाव तुम्हांला ठाऊक आहे का ते पाहा, नसेल तर लिहू नका. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने एक निरोप भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी अट घातली. पण पाचांचे पंचवीस आणि पंचवीसांचे सव्वाशे व्हायला बाजाराचा एक दिवस पुरतो.

उद्या सकाळी उन्हे चढण्यापूर्वी शाळेच्या मैदानावर ही मुले आपले यंत्र उडवून दाखवणार आहेत. पोलीस ठाण्यात त्यांनी तसे कळवले आहे. ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी तर अगत्याने यावे, आणि पडदा स्वतःच्या हातात घेऊन पाहावा.