घरच्या संगणकावर लिनक्स



ज्या घरांत सात-आठ वर्षांपूर्वीं घेतलेला संगणक अजून धडधाकट आहे, परंतु त्याचें पुढें काय करावें हा प्रश्न मंडळींना पडला आहे, अशा घरांकरितां आजचें हें भाषण आहे. हा प्रश्न पुष्कळ घरांत एकदम उपस्थित होण्यास एक कारण घडलें. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीची नेहमींची देखभाल थांबविली. कांहीं अटींवर वर्षभराची मुदतवाढ ठेवली खरी, पण ती मुदतवाढच. पुढची विंडोज ११ घ्यावी, तर तिला टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकीं नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे यंत्र चालतें आहे, पडदा उजळ आहे, कळफलकाची एकहि कळ निघालेली नाहीं, आणि तरी तें बाद! देखभाल थांबली म्हणून संगणक त्या दिवशीं बंद पडत नाहीं. पण पुढें सांपडणारीं भोकें बुजविणारा कोणी उरत नाहीं, आणि त्याच यंत्रावरून आपण बँकेचे व्यवहार करतों व पेन्शनचे कागद पाठवितों. अशा यंत्रावर लिनक्स बसवावें काय, व बसवावयाचें तर कोणती काळजी घ्यावी, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

लिनक्स फुकट मिळतें, एवढें बहुतेकांच्या कानांवर आलेलें असतें. मला त्याचें फुकटपण गौण वाटतें. शाळेंत एखादा अनुभवी शिक्षक आपल्या टांचणाची वही नव्या शिक्षकाला देतो. तो तींत चुका दुरुस्त करतो, दोन नवीं उदाहरणें घालतो आणि ती तिसऱ्याच्या हातीं देतो. आतां पहिल्या शिक्षकानें वहीच्या पहिल्या पानावर अशी अट लिहिली, कीं जो कोणी ही वही सुधारून दुसऱ्यास देईल त्यानें तिला कुलूप घालूं नये, तर जें होईल तेंच येथें झालें आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ग्नू हा प्रकल्प जाहीर केला व पुढें अशा अटीचा परवाना तयार केला. १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या तरुणानें लिनक्सचा गाभा लिहिला आणि दुसऱ्याच वर्षीं तो या परवान्याखालीं आणला. त्यावर निरनिराळ्या मंडळींनीं आपापले साज चढविले, म्हणून डेबियन, उबुंटू, मिंट, फेडोरा अशीं अनेक नांवें ऐकूं येतात. नवख्यानें या नांवांच्या वादांत पडूं नये. मिंट घ्यावें किंवा उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्यावी. अशी आवृत्ती दर दोन वर्षांनीं निघते आणि तिची देखभाल पांच वर्षें चालते. घरच्या माणसाला याहून अधिक निवड करण्याचें कारण नाहीं.

बसविण्यापूर्वीं लिनक्स वापरून पाहतां येतें, ही सोय मला फार मोलाची वाटते. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर तें उतरवून घ्यावें (त्या ड्राइव्हवर आधीं जें असेल तें पुसलें जातें, हें ध्यानांत असूं द्यावें), संगणक सुरू होतांना ठराविक कळ दाबून तो ड्राइव्ह निवडावा, कीं लिनक्स पडद्यावर उभें राहतें आणि आंतील डिस्कला हातहि लागत नाहीं. या स्थितींत वायफाय लागतें का, आवाज येतो का, प्रिंटर कागद काढतो का, लॅपटॉप मिटून उघडल्यावर जागा होतो का, हें नीट पाहून घ्यावें. पेन ड्राइव्हवरून चालतांना सर्व संथ वाटतें. त्यावरून वेगाची परीक्षा करूं नये. प्रिंटरच चालत नसेल आणि घरांत रोज छपाई लागत असेल, तर यंत्र आहे तसें ठेवून दुसरा विचार करावा. तसेंच ज्यांचा व्यवसाय विंडोजसाठींच बनविलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरवर चालतो, उदाहरणार्थ टॅलीवर हिशेब ठेवणारे दुकानदार, त्यांनीं केवळ उत्साहापोटीं बदल करूं नये.

आतां जें सांगतों तें कृपा करून लक्षपूर्वक ऐकावें. आमच्या आळींत एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांनीं कोणाचें तरी ऐकून एका दुपारीं लिनक्स बसविण्यास घेतलें. मध्येंच एक प्रश्न येतो, कीं सर्व डिस्क पुसून बसवूं, कीं जुन्या प्रणालीच्या शेजारीं बसवूं? त्यांनीं पहिला पर्याय दाबला. प्रणालीनें सांगितलें तें केलें. तिचा कांहींहि दोष नाहीं. त्यांच्या अकरा वर्षांच्या छायाचित्रांपैकीं पुष्कळशीं पुढें मुलींच्या फोनमधून परत मिळालीं. परंतु त्यांच्या मातोश्रींनीं जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या, त्यांचें ध्वनिमुद्रण त्या डिस्कवांचून दुसरीकडे कोठेंहि नव्हतें. मातोश्री आतां हयात नाहींत. म्हणून म्हणतों, नवें बसविण्यास हात लावण्यापूर्वीं आपल्या सर्व फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि दुसरी एखाद्या नातलगाच्या घरीं असलीच पाहिजे. आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहिलेली असली पाहिजे. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हेच. आणखी एक गोष्ट. अनेक लॅपटॉपांत विंडोज आपली डिस्क बिटलॉकरनें कुलूपबंद ठेवतें. तिची ४८ आंकड्यांची किल्ली आधींच लिहून घ्यावी. नाहीं तर शेजारीं लिनक्स बसवितांना जुनी प्रणाली दार लावून बसते आणि किल्ली मागते.

मराठी लिहिणाऱ्या घरांत याशिवाय एक निराळी अडचण असते. आपणांपैकीं पुष्कळांनीं वर्षानुवर्षें श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या अक्षरमुद्रांत लेख, पत्रें, कुलवृत्तान्त टंकलिखित केले आहेत. त्या जुन्या फायलींत देवनागरी अक्षरें नसतातच. साठविलेले संकेत रोमन लिपीचे असतात आणि ती अक्षरमुद्रा त्यांवर देवनागरीचा वेष चढविते. वेष काढला कीं निरर्थक रोमन अक्षरांचा पसारा उरतो. म्हणून जुनी प्रणाली चालूं आहे तोंवरच त्या सर्व लेखांच्या पीडीएफ प्रती काढाव्यात, आणि मूळ मजकूर युनिकोडमध्यें रूपांतरित करावा. रूपांतरानंतर तो डोळ्यांनीं तपासावा लागतो. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांची जागा हटकून चुकते. काम कंटाळवाणें आहे. पण युनिकोडमध्यें आणलेला मजकूर पुढें विंडोज, लिनक्स, फोन अशा सर्व ठिकाणीं तसाच वाचतां येतो. लिनक्सवर मराठी कळफलक निवडण्याची सोय प्रणालीच्या सेटिंगांतच असते, आणि विंडोजवर इन्स्क्रिप्ट शिकलेल्यांना कांहींच नवें शिकावें लागत नाहीं. लिब्रेऑफिसमध्यें मात्र देवनागरीची अक्षरमुद्रा वेगळी ठरवावी लागते. "कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट" नांवाच्या सदराखालीं ती सांपडते. रोमनची मुद्रा बदलून मराठीचा आकार कां बदलत नाहीं म्हणून माणसें तासन् तास वैतागतात!

लिनक्स बसलें, चालूं लागलें, कीं कधीं तरी कांहीं अडतें आणि आपण इंटरनेटवर उत्तर शोधतों. तेथें कोणी एक ओळ लिहिलेली असते: ही टर्मिनलमध्यें चिकटवा. ओळीच्या आरंभीं "सूडो" हा शब्द असेल तर थांबावें. त्या शब्दानें आपण संगणकाला सांगतों, कीं पुढची आज्ञा मालकाच्या पूर्ण अधिकारानें पाळ. "आर-एम" ही आज्ञा फाईल पुसते. तेथें कचऱ्याच्या टोपलींतून वस्तु परत काढण्याची सोय नाहीं. जी ओळ आपल्याला समजली नाहीं ती चालवूं नये, मग सांगणारा कितीहि खात्रीनें बोलो. आजकाल यंत्रेंहि अशीं उत्तरें अस्खलित भाषेंत देतात, त्यांनाहि हाच नियम. सॉफ्टवेअर हवें असेल तें प्रणालीच्या स्वतःच्या भांडारांतून घ्यावें, वाटेल त्या संकेतस्थळावरून उतरवूं नये. देखभालीची सूचना आली कीं ती स्वीकारावी.

जें सर्वांना पाहण्यास खुलें आहे तें आपोआप सुरक्षित असतें, असें मात्र समजूं नये. एक्सझेड नांवाचें, फायली दाबून लहान करण्याचें एक साधन आहे, आणि बहुतेक लिनक्समध्यें तें असतें. तें सांभाळणारा मुख्यतः एकच थकलेला मनुष्य होता. सुमारें दोन वर्षें मदतनीस म्हणून वावरून कोणी तरी त्याचा विश्वास संपादन केला आणि २०२४ च्या आरंभीं आवृत्ति ५.६.० व ५.६.१ यांत चोरदार घातलें. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर प्रवेश करण्यास सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें दिसलें. इतरांनीं दुर्लक्ष केलें असतें, त्यानें कारण खणून काढलें आणि २९ मार्च २०२४ रोजीं तें जगजाहीर केलें. मूळ मजकूर कुलपांत असता तर त्याला तें खणतां आलें नसतें, हें खरें. परंतु अर्धा सेकंद मोजणारा एक मनुष्य तेथें होता, हेंहि तितकेंच खरें. डेबियनच्या स्थिर आवृत्तींत आणि उबुंटूच्या तोंवर प्रसृत झालेल्या आवृत्त्यांत तें चोरदार पोहोंचलेंच नव्हतें. नवें निघालें कीं तत्काळ घ्यावें ही हौस घरच्या संगणकावर नको, असें मी म्हणतों तें याकरितां.

शेवटची एक सूचना. बसवितांना डिस्क कुलूपबंद करण्याचा पर्याय येतो. लॅपटॉप घराबाहेर जात असेल तर तो अवश्य घ्यावा. परंतु त्याचा परवलीचा शब्द विसरल्यास कोणतीहि कंपनी, कोणताहि दुरुस्तीवाला ती डिस्क उघडूं शकत नाहीं, आणि आमच्या वयाच्या माणसांना विसरण्यावांचून दुसरेंहि कांहीं होऊं शकतें. तेव्हां तो शब्द कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहावा, घराचें खरेदीखत ज्या कपाटांत असतें तेथें ठेवावा आणि घरांतील एका तरी माणसाला ती जागा दाखवून ठेवावी.