गुलमर्गचा वासंतिक बर्फ



मार्चअखेरीस गुलमर्गला सहकुटुंब स्कीइंगला जाणाऱ्यांना एकच विनंती : दृष्टी घड्याळावर असू द्या. २००५ पासून गोंडोला अफरवटच्या खांद्यावर, सुमारे ३,९८० मीटर उंचीवर नेते. तेथील उतार यंत्राने सारखे केलेले नसतात. रात्री गोठलेला बर्फ सकाळी काचेसारखा कठीण. त्यावर घसरलेला माणूस सहजी थांबत नाही. ऊन चढले की वरचा थर तेवढा मऊ होतो आणि मुलांच्याही स्की त्यावर लीलया वळतात. ही घटका मोठी गोड, पण अल्पायुषी! पुढे तोच बर्फ पाण्याने जड होतो आणि तीव्र उतारावर हिमलोटाचे भय वाढते. म्हणून घरातील सर्वांत सावकाश उतरणाऱ्याच्या गतीने वेळ आखावी. आजी कोंगडूरीलाच चहा घेत थांबल्या, तर त्यात कमीपणा कसला?