रंग आणि डाव

जबलपूर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे भेडाघाटचे संगमरवरी कडे उभे राहतात, धुवाँधारचे तुषार उडू लागतात आणि इतिहासाची थोडीफार आवड असलीच तर नागपूरकर भोसल्यांचा अंमल या शहरावरून १८१७ साली उठला, याची आठवण होते. परंतु जगात जेथे जेथे हिरव्या बनातीचे टेबल आहे, तेथे या शहराची एक निराळीच ओळख आहे. आणि गंमत अशी की, ती खुद्द जबलपुरातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. स्नूकर नावाचा खेळ येथे जन्माला आला.

साल होते १८७५. डेव्हनशायर रेजिमेंटचा तळ तेव्हा जबलपुरात होता आणि तिच्यात नेव्हिल चेंबरलेन नावाचा एक तरुण अधिकारी होता. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर इंग्लंडचे पंतप्रधान असलेले चेंबरलेन ते हे नव्हेत. नामसाम्यामुळे पुष्कळांची फसगत होते, म्हणून एवढा खुलासा. नर्मदेकाठचा पावसाळा ज्याने अनुभवला आहे, त्याला लष्करी मेसमधल्या त्या संध्याकाळी किती लांब वाटत असतील, याची कल्पना येईल. बिलियर्ड्‌सच्या टेबलावर त्या काळी ‘पिरॅमिड्‌स’ आणि ‘ब्लॅक पूल’ असे दोन खेळ खेळले जात. पहिल्यात पंधरा तांबडे चेंडू त्रिकोणात मांडीत, दुसऱ्यात काळ्या चेंडूला महत्त्व असे. चेंबरलेनने दोन्हींची सांगड घातली आणि आणखी काही रंगीत चेंडू टेबलावर आणले. वुलिच येथील लष्करी विद्यालयात नवशिक्या छात्राला थट्टेने ‘स्नूकर’ म्हणत. एका खेळाडूचा सोपा चेंडू हुकला तेव्हा चेंबरलेनने त्याला याच नावाने हाक मारली, आणि मागाहून, या खेळात आपण सारेच ‘स्नूकर’ आहोत, अशी मखलाशी केली. तेच नाव खेळाला चिकटले. पुढे नियम उटकमंडला पक्के झाले आणि १९३८ साली वृद्ध चेंबरलेनने पत्र लिहून हा सारा वृत्तांत प्रसिद्ध केला, तेव्हा जन्मस्थानाचा वाद मिटला.

आजच्या भाषणाचा विषय व्हिडिओ गेमचे भवितव्य हा असताना मी हे दीडशे वर्षांपूर्वीचे पुराण का लावले, असे श्रोत्यांना वाटेल. त्याचे कारण असे की, पडद्यावरच्या खेळांविषयी आज जो वाद हिरिरीने चालतो, त्याचे उत्तर शोधायला या टेबलाइतकी चांगली जागा मला दुसरी दिसत नाही. वाद असा: खेळ अधिकाधिक देखणा व्हावा, की अधिकाधिक खोल? एक पक्ष म्हणतो, पाण्यावरचा प्रकाश, घोड्याच्या आयाळीतला केस न्‌ केस पडद्यावर खरा दिसला पाहिजे. दुसरा पक्ष म्हणतो, हे नटवेपण पुरे. आम्हाला विचार करायला लावणारा डाव द्या.

आता स्नूकरचे टेबल पाहा. बारा फूट लांब, सहा फूट रुंद. बावीस चेंडू. पंधरा तांबडे, प्रत्येकी एका गुणाचे. मग पिवळा दोनाचा, हिरवा तिनाचा, तपकिरी चाराचा, निळा पाचाचा, गुलाबी सहाचा आणि काळा सातांचा. तांबडा खिशात गेला की एका रंगीत चेंडूवर हक्क मिळतो. तो गेला तर त्याला पुन्हा त्याच्या जागी आणून ठेवतात आणि पुन्हा तांबड्याची पाळी येते. तांबडे संपले की रंगीत चेंडू चढत्या क्रमाने घ्यायचे. प्रत्येक तांबड्यानंतर काळा साधला आणि शेवटी सहाही रंग साफ केले, तर एकशे सत्तेचाळीस गुण होतात. गणिताची हौस असलेल्याने पडताळून पाहावे. या खेळात ‘कोणता चेंडू मारू’ हा प्रश्न दुय्यम असतो. तो मारल्यावर पांढरा कोठे जाऊन थांबेल, तेथून पुढचा दिसेल का, आणि त्याच्या पुढचा? आणि काहीच साधत नसेल तर पांढऱ्याला अशा आडोशाला दडवायचे, की प्रतिपक्षाला नेमका हवा तो चेंडू दिसूच नये.

ही सारी खोली आली कोठून? रंगांतून. ते रंग काढून घेतले तर टेबल फिके दिसेल एवढेच नव्हे, खेळच उरणार नाही; कारण येथे प्रत्येक रंग म्हणजे एक किंमत, एक जागा, एक मोह आणि एक धोका आहे. म्हणून ‘रंग विरुद्ध खोली’ ही मांडणीच मला मुळात चुकीची वाटते. रंग दोन प्रकारचे असतात. काही रंग नियम होऊन येतात, काही नुसते पाहुणे म्हणून येतात आणि जागा मात्र यजमानाची अडवतात.

पडद्यावरच्या खेळांचा इतिहास या कसोटीला चांगला उतरतो. त्याच्या आरंभीसुद्धा, योगायोगाने, हेच टेबल आहे. १९५४ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या एका अवाढव्य गणकयंत्रावर पूलचा खेळ चालवून दाखवला होता. चेंडू म्हणजे पडद्यावरचे नुसते ठिपके. पुढे १९८० साली जपानी रचनाकार तोरू इवातानी यांचा ‘पॅक-मॅन’ आला. त्यात चक्रव्यूहात नायकाचा पाठलाग करणारी चार भुते आहेत, चौघांचे रंग निराळे. तांबडे सरळ पाठीशी लागते, गुलाबी पुढची वाट अडवायला धावते. ज्याला रंग वाचता आले त्याला स्वभाव वाचता आले. चित्र म्हणाल तर बालवाडीतल्या मुलाने काढावे तसे. १९८९ साली निन्टेन्डो कंपनीने ‘गेम बॉय’ हे हातात मावणारे यंत्र काढले. त्याच्या पडद्यावर रंग नव्हताच, हिरवट करड्या चार छटा तेवढ्या. त्याच वर्षी एका प्रतिस्पर्धी कंपनीने रंगीत पडद्याचे यंत्र बाजारात आणले, पुढल्या वर्षी दुसरीने. दोघांनाही गेम बॉयने मागे टाकले. तो स्वस्त होता, त्याच्या बॅटऱ्या पुष्कळ तास टिकत आणि अमेरिकेत त्याच्यासोबत मॉस्कोच्या अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी १९८४ साली रचलेला ‘टेट्रिस’ मिळे. वरून पडणारे सात आकाराचे ठोकळे नीट रचायचे, एवढाच तो खेळ. पण त्याने माणसांची झोप उडवली.

याचा अर्थ चित्राची प्रगती व्यर्थ होती असा कोणी काढू नये. १९९६ साली ‘सुपर मारिओ ६४’ने पडद्याला खरी तिसरी मिती दिली, तेव्हा उडी मारणे या क्रियेचाच अर्थ बदलला, अंतर डोळ्यांनी जोखावे लागू लागले. १९९८ च्या ‘थीफ’ या खेळात सावली ही शोभेची वस्तू नसून लपण्याची जागा होती. तेथे चित्रकाराने सावली काढली म्हणजे नियम केला. परंतु पुढे पुढे असे झाले की, चित्राच्या प्रत्येक नव्या पायरीला मेहनत दुप्पट लागू लागली आणि डोळ्याला फरक मात्र निम्माच जाणवू लागला. मोठ्या कंपन्यांचे एकेक खेळ आता शेकडो माणसे कित्येक वर्षे घडवीत बसतात. एवढा पैसा अडकला की धाडस कोण करणार? मग गेल्या वर्षीचाच डाव नव्या कपड्यांत पुन्हा येतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सोनी कंपनीने ‘कॉन्कॉर्ड’ नावाचा असाच एक थाटामाटाचा खेळ बाजारात आणला आणि दोन आठवड्यांत तो मागे घेऊन लोकांचे पैसे परत केले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत कॅनडातल्या एकट्या माणसाने रचलेला ‘बलाट्रो’ आला होता. साधे पत्ते, पोकरचे हात आणि त्यांना वाकवणारे चमत्कारिक जोकर! पहिल्या महिन्यातच त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती गेल्या.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्‌स गेम्स’ या छोट्या संस्थेने २०२० साली ‘राजी’ हा खेळ काढला. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेली मुलगी, राजस्थानी धाटणीचे महाल, कळसूत्री छायाबाहुल्यांतून सांगितलेल्या कथा. जगभरच्या समीक्षकांनी त्याचे देखणेपण तोंड भरून वाखाणले. आणि अनेकांनी असेही म्हटले की, लढाईच्या भागाला तितकी खोली नाही. मला स्वतःला त्या मंडळींचे कौतुकच वाटते, कारण आपली चित्रपरंपरा पडद्यावर उभी राहू शकते हे त्यांनी दाखवून दिले. तथापि, आपल्या तरुण रचनाकारांनी त्या दुसऱ्या अभिप्रायाकडे पाठ फिरवू नये. चित्रांच्या बाबतीत परदेशी कंपन्यांच्या थैलीशी आपण बरोबरी करू शकणार नाही. डाव रचायला थैली लागत नाही. जबलपूरच्या मेसमध्ये काही अधिक चेंडू आणि पावसाळ्याची सवड यांपलीकडे भांडवल ते काय होते?

येथे कोणी म्हणेल, लोकांना चकाकीच हवी असते. त्याचाही दाखला स्नूकरपाशीच आहे. १९६९ साली बीबीसीला आपले नवे रंगीत दूरदर्शन लोकांना पटवायचे होते, तेव्हा त्यांनी स्नूकरचा ‘पॉट ब्लॅक’ हा कार्यक्रम सुरू केला. रंगांची जाहिरात करायला याहून सोयीचा खेळ कोणता? लोक आले ते रंगांसाठी, यात शंका नाही. पण १९८५ साली स्टीव्ह डेव्हिस आणि डेनिस टेलर यांचा जागतिक अंतिम सामना पस्तिसाव्या डावातल्या शेवटच्या काळ्या चेंडूपर्यंत गेला, मध्यरात्र उलटली, तरी ब्रिटनमध्ये एक कोटी ऐंशी लाखांहून अधिक माणसे संचापुढे बसून होती. टेबलावर तेव्हा रंग एकच उरला होता, काळा. आणि त्या चेंडूवर सारे ठरायचे होते.

हल्ली आमच्या गावातली मुले हाच जातीचा खेळ फोनच्या पडद्यावर खेळताना दिसतात. टेबल असे गुळगुळीत, चेंडूवर असा प्रकाश, की खऱ्याने लाजावे. पण बारकाईने पाहिले तर क्यू रोखताच पडद्यावर एक रेघ उमटते आणि चेंडू कोणत्या दिशेला जाईल ते आधीच दाखवते. ज्या अंदाजासाठी पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स वर्षानुवर्षे घाम गाळीत राहिले आणि १९५८ साली कलकत्त्यास बिलियर्ड्‌सचे जागतिक हौशी अजिंक्यपद मिळवून आले, तो अंदाज त्या रेघेने फुकट वाटून टाकला. नवशिक्याला रेघ हवी, हे कबूल. ती केव्हा पुसायची, हे मात्र रचनाकाराला कळले पाहिजे.

पुढे काय होईल, याविषयी एक गोष्ट बरीचशी उघड आहे. आता यंत्रेच चित्रे काढू लागली आहेत. जे दृश्य उभे करायला शंभर चित्रकार लागत, त्याचा कच्चा आराखडा काही क्षणांत तयार होतो. चित्रकारांच्या पोटावर याने पाय येतो, हे दुःख लहान नाही आणि त्यावर स्वतंत्रपणे बोलायला हवे. पण खेळापुरते पाहिले तर, देखणेपण जेव्हा सर्वांनाच स्वस्तात मिळेल, तेव्हा देखणेपणामुळे कोणी वेगळा दिसणार नाही.

उलट बाजूचा धोका पाहायचा तर कोकणात उतरावे लागेल. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा श्रोत्यांपैकी अनेकांनी पाहिली असेल. लाखेचा गोल पत्ता, हातांनी रंगवलेला. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि दहा पाने, मिळून एकशेवीस. संस्थानिक भोसले घराण्याने गेल्या शतकात ही कला लोप पावता पावता वाचवली, त्याबद्दल त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडे. आज हे पत्ते लोक हौसेने विकत घेतात, चौकटीत बसवून भिंतीवर लावतात, लग्नात आहेर करतात. खेळतो कोण? चित्र जगले आणि डाव गेला. वस्तुतः तो डाव मोठा कसदार आहे. अर्ध्या रंगांत मोठे पान वरचढ ठरते, उरलेल्या अर्ध्यांत लहान; आणि दिवसा खेळाल तर पहिली उतारी रामाची, रात्री खेळाल तर कृष्णाची. ज्या फोनला घड्याळ कळते, दिवस मावळल्याचे कळते, त्याच्या पडद्यावर हा नियम किती सहज बसेल! एकशेवीस पानांची ती चित्रे तर केव्हाची तयार आहेत.