जमिनीपेक्षा उंच वाहणारी नदी
(मंडळाच्या बैठकीत वाचलेले भाषण)



चीन म्हटले की आपल्याला ती लांबलचक भिंत आठवते. पण तिथल्या बादशहांचा खजिना आणि रयतेचे कष्ट गिळणाऱ्या आणखीही भिंती होत्या. त्या मातीच्या, ह्वांगहो म्हणजे पिवळ्या नदीच्या काठाने बांधलेल्या.

ही नदी तिबेटच्या पठारावर उगम पावते तेव्हा स्वच्छ असते. पुढे ती पिवळ्या मातीच्या उंच प्रदेशातून जाते. वाऱ्याने लाखो वर्षे वाळवंटाकडून आणून टाकलेली ही माती चाळलेल्या पिठासारखी बारीक. पिकाला उत्तम, आणि खणायला इतकी सोपी की लोक तीत गुहा कोरून राहतात. पण पावसाबरोबर ती वाहूनही तशीच जाते. शेतीसाठी झाडे तोडली, तेव्हा अधिकच वाहू लागली.

पुढचे आपल्याला सांगायला नको. गढूळ पाण्याची घागर स्थिर ठेवली की गाळ तळाशी बसतो. सपाट मैदानात नदी मंदावते, गाळ टाकते, पात्र वर येते. लोक बांध उंच करतात. पुन्हा गाळ, पुन्हा बांध! असे दोन हजार वर्षे चालले. कायफंग शहराजवळ नदीचा तळच आज शहराच्या जमिनीपेक्षा कित्येक मीटर उंच आहे. माळ्यावर नदी ठेवून खाली संसार करायचा म्हणा ना!

सोळाव्या शतकात पान ची-शुन नावाच्या अधिकाऱ्याने युक्ती काढली. बांध जवळ आणून पात्र अरुंद करा. पाण्याला ओढ येईल आणि तेच गाळ खरवडून नेईल. मला ही युक्ती फार आवडली. मोरी तुंबली की आपणही पाण्याचा जोरच लावतो. पण गाळ इतका, की तीही पुरी पडली नाही.

एकदा बांध फुटला की नदी सखल वाट धरते. जुनी वाट उंच, तिकडे परत कशी जाणार? ११२८ साली तर शत्रूची फौज अडवायला सुंग राज्याच्या अधिकाऱ्यानेच बांध फोडला. नदी दक्षिणेकडे वळली. १८५५ साली ती पुन्हा उत्तरेला गेली. दोन मुखांत शेकडो किलोमीटरांचे अंतर! मधल्या गावांची काय दशा झाली असेल?

१६४२ साली कायफंगला वेढा पडला असतानाही बांध फोडले गेले. शहर बुडाले, लाखो माणसे दगावली. उरलेल्यांनी त्याच गाळावर पुन्हा घरे बांधली. हे तिथे पूर्वीही घडले होते. म्हणून आज कायफंगमध्ये खणले की रस्त्याखाली जुना रस्ता लागतो, आणि त्याच्याखाली त्याहून जुना.